बॉयर ब्रॅन्सडेन एमके३ इग्निशन किट: जुन्या ट्रायम्फला पुण्यात कितपत मानवतं?

हे किट म्हणजे पॉइंटऐवजी, म्हणजे कॉइलचा करंट तोडून स्पार्क पाडणाऱ्या यांत्रिक संपर्कांऐवजी, बसवायची इलेक्ट्रॉनिक इग्निशन. आधी निकाल सांगून टाकतो. १९६६ नंतरच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या ट्रायम्फ ६५० ट्विनवर (दोन सिलिंडरच्या टी१२०, टीआर६) हे किट चांगलं चालतं. पॉइंट घासायचे, फीलर गेज घालून ०.०१५ इंचाची फट लावायची, कंडेन्सर बदलायचा, ऑटो अॅडव्हान्सच्या (वेग वाढेल तसा स्पार्क आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) ढिल्या स्प्रिंगा शोधत फिरायचं, हे सगळं एका झटक्यात संपतं. दोन्ही सिलिंडरचं टायमिंग एकाच वेळी जुळतं आणि तसंच राहतं. मात्र पॉइंटवर जी गाडी अशक्त बॅटरीवर, गंजलेल्या वायरिंगवर कशीबशी चालत होती, ती या किटवर चालणार नाही. लोक मग किटला नावं ठेवतात.

डब्यात फारसं काही नसतं. सीटखाली बसवायचा काळा बॉक्स, दोन पिकअप कॉइल (रोटरचं चुंबक समोर आलं की इशारा देणाऱ्या) असलेली स्टेटर प्लेट, दोन चुंबकांचा रोटर, बोल्ट आणि वायर. टायमिंग कव्हरमधली पॉइंटची प्लेट आणि तिच्यामागचं ऑटो अॅडव्हान्स युनिट काढून टाकायचं, एक्झॉस्ट कॅमच्या टोकाला त्याच टेपरवर रोटर बसवायचा. रोटर आवळण्याआधी बोल्ट आतल्या आट्यांच्या तळाला टेकत नाही ना, ते बघा. टेकत असेल तर बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण रोटर टेपरवर बसलेलाच नसतो आणि पहिल्याच चढाला टायमिंग सरकतं. जुने कंडेन्सर सर्किटमधून पूर्ण काढायचे. ‘राहू देत, काय बिघडतंय’ म्हणून ठेवलेला एक कंडेन्सरही स्पार्क खातो.

बॉक्सच्या वायरी पाच. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत (जिच्या बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो) लाल वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या प्लसकडे. पांढरी वायर इग्निशन स्विचमधून येणाऱ्या मायनसला. काळी वायर पहिल्या इग्निशन कॉइलच्या मायनसला, त्या कॉइलचा प्लस दुसऱ्या कॉइलच्या मायनसला आणि दुसरीचा प्लस अर्थला. काळी-पिवळी आणि काळी-पांढरी या दोन स्टेटरच्या. या दोघींची अदलाबदल झाली तर टायमिंग साफ चुकतं आणि कीक उलटी येते. आपल्याकडच्या बहुतेक मेकॅनिकचा हात मायनस अर्थच्या गाड्यांवर बसलेला असतो, त्यामुळे गाडी कुणाकडे दिली तरी ‘हिचा प्लस बॉडीला आहे’ असं टाकीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवणं शहाणपणाचं. बॅटरी उलटी लागली तर बॉक्स वाचण्याची आशा ठेवू नका.

कॉइलचा घोळ सगळ्यात जास्त होतो. मूळ गाडीत १२ व्होल्टच्या दोन कॉइल असतात, प्रत्येक पॉइंटला एक. या किटला मात्र दोन्ही प्लगला एकाच वेळी स्पार्क द्यायचा असतो, म्हणून ६ व्होल्टच्या दोन कॉइल सिरीजमध्ये किंवा दोन टोकांची एकच १२ व्होल्टची कॉइल लागते. १२ व्होल्टच्या जुन्या कॉइल सिरीजमध्ये ठेवल्या तर प्रायमरी (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा रोध) सात ओहमच्या आसपास जाते आणि स्पार्क पिवळट, मरगळलेला येतो. त्याच कॉइल पॅरलल केल्या तर दोन ओहमच्या खाली येऊन बॉक्समधला ट्रान्झिस्टर भाजतो. एकूण प्रायमरी तीन ते चार ओहमच्या दरम्यान हवी. लुकासची ६ व्होल्टची कॉइल साधारण १.७ ते १.९ ओहम दाखवते, १२ व्होल्टची ३.३ ते ३.८. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी लुकासच्या कॉइल दिसतात, पण वरचा शिक्का पुसलेला असतो, तेव्हा मीटर लावल्याशिवाय पैसे काढू नका. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करायला विसरू नका, इतक्या लहान मापात तोच फसवतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. इलेक्ट्रॉनिक म्हटलं की गॅरेजमध्ये त्याला सीडीआयच (कपॅसिटर भरून तो रिकामा करत स्पार्क पाडणारी पद्धत) समजतात आणि हाताशी असलेली एखादी सीडीआय कॉइल ‘लावून बघू’ म्हणतात. हे किट सीडीआय नाही. इथे पॉइंटसारखाच कॉइलमधून करंट वाहतो आणि तो तोडला की स्पार्क पडतो, तोडण्याचं काम फक्त ट्रान्झिस्टर करतो. सीडीआय कॉइलची प्रायमरी एक ओहमच्याही खाली असते. ती लावली की बॉक्स गेला.

आता व्होल्टेज. अॅनालॉग एमके३ची खरी दुखरी नस हीच. बॉक्सपाशी व्होल्टेज बरंच खाली आलं की याचं अॅडव्हान्सचं गणित ढळतं. कीक मारताना पाय मागे फेकला जातो, आयडलिंग वरखाली होतं, सायलेन्सरमधून फटाके वाजतात. लक्षणं कार्बोरेटरची वाटतात, म्हणून लोक जेट बदलत बसतात. लुकासचा आरएम२१ अल्टरनेटर कागदावर १२० वॉटचा आहे, पण तो आकडा चढ्या आरपीएमचा. स्वारगेटच्या किंवा विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला हेडलाइट लावून गाडी आयडलिंगला उभी असते, तेव्हा अल्टरनेटर देतो त्याहून दिवा आणि इग्निशन जास्त खातात. फरक बॅटरी भरून काढते. बॅटरी म्हातारी असेल तर तिसऱ्या सिग्नलपर्यंत गाडी मिसिंग करायला लागते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की आपोआप सुधारते. हे लक्षण दिसलं तर किटला हात लावू नका. बॅटरीवर मीटर ठेवा: इंजिन बंद असताना १२.५ च्या वर, ३००० आरपीएमला १३.५ ते १४.५. जुना झेनर डायोड १४ च्या आसपास व्होल्टेज धरतो. धरत नसेल तर झेनर आणि रेक्टिफायर दोन्ही काढून एकच सॉलिड स्टेट रेग्युलेटर लावा, पण तो पॉझिटिव्ह अर्थला चालणारा आहे ना, हे विचारून घ्या. एलईडी हेडलाइटने भार बराच कमी होतो. तिथेही तीच ध्रुवतेची खबरदारी.

बॅटरी चांगली असूनही बॉक्सपर्यंत व्होल्टेज पोहोचतं का, हे वेगळं तपासावं लागतं. पन्नास वर्षांपूर्वीचा इग्निशन स्विच, किल स्विच, फ्यूज होल्डर आणि डझनभर बुलेट कनेक्टर, प्रत्येक जण थोडं थोडं खातो. नुसता मीटर लावून काही कळत नाही, कारण करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, बॉक्सची पांढरी वायर सुटी करून स्विचकडून येणारं टोक आणि अर्थ यांच्यामध्ये तो जोडा, म्हणजे पावणेदोन अँपिअरचा भार पडेल. आता बल्बच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजा आणि बॅटरीच्या दोन टोकांवरचं मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर एकेक जोड पकडत मागे चला. घाईत असाल तर बॅटरीच्या मायनसपासून पांढऱ्या वायरीला फ्यूज घालून थेट तार द्या, म्हणजे ‘डायरेक्ट’ करा, आणि गाडी चालवून पाहा. मिसिंग गेलं तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. मात्र अशा वेळी किल्लीने इंजिन बंद होणार नाही, तार उपटावी लागेल.

हँडल वळवलं की गाडी बंद पडते, ही तक्रार असेल तर हेडस्टॉकपाशी वाकून वाकून तुटलेली वायर किंवा किल स्विच.

स्पार्क अजिबातच नसेल तर क्रम असा. दोन्ही प्लग बाहेर काढून कॅपमध्ये खोचा आणि त्यांची बॉडी हेडला टेकवून ठेवा. प्लग अर्थ न करता इग्निशन चालू करू नका, मोकळ्या सुटलेल्या हाय टेन्शनने कॉइलचं इन्सुलेशन फुटतं आणि बॉक्सही जातो. बाहेर काढलेले प्लग सिलिंडरच्या भोकांपासून लांब ठेवा, आतून पेट्रोलची वाफ येते. आता स्टेटरच्या दोन वायरी सोडा. बॉक्सकडून येणारी काळी-पिवळी आणि काळी-पांढरी एकमेकींना टेकवा आणि सोडा. दर वेळी दोन्ही प्लगवर स्पार्क पडला तर बॉक्स आणि कॉइल निर्दोष, चोर स्टेटर प्लेटमध्ये किंवा तिच्या वायरीत. स्पार्क नाही पडला तर पांढऱ्या वायरीचं व्होल्टेज, मग लाल वायरीचा अर्थ, मग कॉइलच्या प्रायमरी, आणि हे सगळं ठीक असेल तरच बॉक्स. बॉक्स शेवटी, हे लक्षात ठेवलं तर बरेच पैसे वाचतात.

स्टेटर प्लेटचा दोष हा या किटचा ओळखीचा आजार. प्लेटवर वायरी जिथे डाखल्या आहेत तिथे ६५० ट्विनच्या थरथरीने तार आतून तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं. थंड इंजिनावर टोकं टेकलेली असतात, तापल्यावर सुटतात. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी बंद आणि चहा होईपर्यंत पुन्हा चालू, असा खेळ असेल तर इथे बघा. दोन वायरींमध्ये साधारण १३० ओहम यायला हवेत, दोन्ही पिकअप मिळून. आकडा बघताना वायर हलवा, हेअर ड्रायरने प्लेट गरम करा. आकडा उडाला की निदान झालं. दोन्ही वायरींपासून प्लेटच्या धातूपर्यंत मीटरने कसलाही जोड दाखवायला नको. दुरुस्ती घरी होते: पुण्याच्या तपकीर गल्लीतून सिलिकॉन आवरणाची बारीक, बहुतारी वायर आणि हीट श्रिंक आणा, जुना डाख काढून नव्याने डाखा, आणि वायर डाखापासून दोन सेंटिमीटरवर प्लेटला बांधा, म्हणजे थरथर डाखापर्यंत जात नाही. नवीन किटलाही ही बांधणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

टायमिंगला स्टॅटिक जुळणी फक्त इंजिन सुरू होण्यापुरती. पिस्टन टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) ३८ अंश आधी आणायचा, रोटरवरचा पांढरा ठिपका प्लेटच्या भोकात दिसेपर्यंत रोटर फिरवायचा आणि आवळायचा. भोकं दोन आहेत, कुठलं वापरायचं ते कॅमच्या फिरण्याच्या दिशेवर ठरतं, सूचनापत्रक बघा. नंतर स्ट्रोब लाइट (प्रत्येक स्पार्कला चमकून चालत्या इंजिनावर खूण दाखवणारा दिवा) हवाच. स्ट्रोबला वेगळी बॅटरी द्या. पॉइंटच्या मानाने या किटचं पूर्ण अॅडव्हान्स बरंच वरच्या आरपीएमला येतं, त्यामुळे २५०० ला खूण जुळवून समाधान मानलं तर वर टायमिंग जास्त पुढे जातं आणि पिस्टनला भोक पडण्याची पाळी येते. १९६८ नंतरच्या गाड्यांना प्रायमरी कव्हरवर खूण बघायचं झाकण असतं. पण लुकासचा रोटर त्याच्या मधल्या बुशवर सैल होऊन सरकतो, म्हणून एकदा डिग्री डिस्क (अंशांच्या खुणा असलेली चकती) लावून ती खूण खरी आहे का, ते पडताळा. खुणा दोन दिसल्या तर जी जास्त पुढची आहे ती ३८ वर ठेवा. बीएसए ए६५ ला हाच आकडा ३४, नॉर्टन कमांडोला २८, आणि कमांडोचा बॅलास्ट रेझिस्टर काढायला विसरू नये.

पावसाळ्यासाठी एवढंच: ५ किलोओहमच्या रबरी कॅप, तांब्याच्या तारेची एचटी लीड, बुलेट कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस. लीड आणि कॅप नाना पेठेत सहज मिळतात.

पर्याय आहेत. न्यूझीलंडचं पॅझॉन जोडणीच्या दृष्टीने याच्या जवळचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ट्राय-स्पार्कमध्ये सगळं इलेक्ट्रॉनिक्स प्लेटवरच बसतं, सीटखाली बॉक्स नाही, वायरी कमी. त्याचं आयडलिंग जास्त स्थिर, मात्र बिघडलं तर घरी डाखण्यासारखं काही उरत नाही. ज्यांच्या गाडीचं चार्जिंग मूळ अवस्थेतच ठेवायचं आहे त्यांनी बॉयरचंच डिजिटल मॉडेल बघावं. बीएसए एम२० किंवा नॉर्टन १६एच बाळगणाऱ्यांनी हा विषय सोडून द्यावा, त्यांचा मॅग्नेटो स्पार्कची वीज स्वतःच बनवतो, बॅटरीवर चालतच नाही.

मागवताना गाडीचं मॉडेल, वर्ष, व्होल्टेज आणि अर्थ चारही गोष्टी विक्रेत्याला लिहून कळवा. ६ व्होल्टच्या कॉइलची जोडी त्याच पार्सलमध्ये घ्या, आणि जमलं तर एक सुटी स्टेटर प्लेटही. कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च दुसऱ्यांदा भरण्यापेक्षा ती स्वस्त पडते.