नवा म्हणून जुना लिक्विड कूलर गळ्यात मारला, 12,000 रुपये गेले

कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणाऱ्या कूलरचे 9,300, बसवणावळ 1,500 आणि नंतर 'कूलंट भरायचे' 1,200. एकूण बारा हजार. आकडे आधीच लिहितेय, कारण "गेले असतील हजार-दोन हजार, सोडून द्या" असं सांगणारे गेल्या दोन महिन्यांत खूप भेटले. पैशांचा संताप आहेच. पण हे सगळं माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत झालं, ही लाज जास्त जाळते.

मी घरून पुस्तकांचं ध्वनिमुद्रण करते. दहा बाय दहाची खोली, माइक आणि कॉम्प्युटरमध्ये जेमतेम चार फूट अंतर. प्रोसेसर इंटेलचा, तेराव्या पिढीचा आय-सेव्हन. फाइल साफ करायला घेतली की त्याचा पंखा किंचाळायचा. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन पंख्यांचा लिक्विड कूलर घ्या. मशीन चालू आहे की बंद, कळणारसुद्धा नाही. मी स्वतः घरी येऊन बसवून देतो." त्याच दुकानातून मी आधी हार्ड डिस्क घेतली होती, मॉनिटर घेतला होता. विश्वास काय हवेतून ठेवला नव्हता.

आता तो क्षण. रोज आठवतो.

त्याने खोक्यातून कूलर काढला, पंपाखालची, प्रोसेसरला टेकणारी तांब्याची चकती वर केली, खिशातून टिश्यू काढला आणि चकती पुसली. टिश्यूवर राखाडी डाग उमटला. मी विचारलं, "हे काय?" म्हणाला, "कंपनीची पेस्ट भिकार असते ताई, मी चांगली लावतो." टिश्यू माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो डाग वाळलेला होता, कडेला खपल्या होत्या. नव्या कूलरच्या चकतीवर कारखान्यातूनच पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, आलेली असेल तर ती आखीव ठशासारखी असते, वर प्लास्टिकचं झाकण असतं. झाकण नव्हतं. खोक्याची चिकटपट्टीही एकावर एक दोनदा लावलेली होती. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, पण डाग दिसला होता. प्रश्नही विचारला होता. उत्तर मिळालं आणि मी चहा टाकायला आत गेले!

रेडिएटर, म्हणजे तापलेलं पाणी थंड करणारी पंख्यांची जाळी, त्याने कॅबिनेटच्या तळाला बसवला. "वर जागा नाही," म्हणाला. जागा होती, नंतर भाच्याने मोजून दाखवली. या सीलबंद कूलरमधलं पाणी वर्षानुवर्षं नळ्यांच्या रबरातून अगदी थोडं थोडं उडत जातं, त्याची जागा हवा घेते, आणि हवा सगळ्यात उंच जागी जमते. रेडिएटर तळाला असेल तर ती उंच जागा म्हणजे पंप. रेडिएटर वरच बसवून घ्या. समोर लावणार असाल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवंच.

पहिला आठवडा खरंच शांत गेला. का, तेही आता कळलं. त्याने बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, पंपाचा वेग 40 टक्क्यांवर आणून ठेवला होता, पंखेही तसेच दाबलेले. आवाज नाही, पण काम सुरू झालं की प्रोसेसर 100 अंशांवर आणि वेग निम्मा. जी फाइल वीस मिनिटांत व्हायची तिला पाऊण तास. शांतता अशी मिळवायची नसते. पंप पूर्ण वेगाने, निदान एकसारख्या वेगाने फिरू द्यायचा. हळू ठेवायचे ते पंखे. तपमान क्षणभर उसळलं की ते लगेच धावू नयेत म्हणून त्यांना काही सेकंदांचा उशीर लावायचा. पाणी तापायला वेळ लागतो, पंख्यांना घाई नसते.

तिसऱ्या आठवड्यात पंपात अडकलेल्या हवेची गुळगुळ सुरू झाली. मग बारीक खडखड. चार प्रकरणं प्रकाशकाकडून परत आली, मागे आवाज येतोय म्हणून. दुकानदार आला, कूलर काढून घेऊन गेला, दोन दिवसांनी "कूलंट भरलं" म्हणून 1,200 घेऊन गेला. या कूलरला पाणी भरायला तोंडच नाही, तो कारखान्यातून सीलबंद येतो. तसं तोंड असलेली मॉडेलं अगदी मोजकी, हे त्यातलं नाही. सीलबंद कूलरमध्ये कोणी पाणी भरून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शेवटी भाच्याने रेडिएटर काढला. त्यावरचा सीरियल नंबर तळाच्या बाजूला दडवलेला, आणि तो खोक्यावरच्या नंबरशी जुळेना. कंपनीला दोन्ही नंबर कळवले. उत्तर आलं: रेडिएटरचा नंबर 2020 मध्ये विकलेल्या मालाचा, वॉरंटी संपलेली. विकत घेताना दुकानातच दोन्ही नंबर जुळवा, फोटो काढा, मगच पैसे द्या.

आणि बिल. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वर, म्हणजे 1,674 रुपये, असं तो म्हणाला. मी कच्चं घेतलं. चूक माझी, मान्य. पण महिन्याच्या शेवटी हातात मोजके पैसे असताना तुम्ही काय केलं असतंत?

त्या कागदाने पुढे माझं तोंड बंद केलं. दुकानदाराने सरळ हात वर केले, "हा आमचा मालच नाही." पोलीस चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर दुकानात पैसे दिलेत, आमच्याकडे बसत नाही. परत चौकी. तिथे नवे साहेब, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. "पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर?" म्हणून दोघं हसले. मी दीड तास बाकावर बसले, अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या दिवशी पोच मागायला गेले तर अर्ज सापडेना. एकाने तर मलाच विचारलं, "बिल न घेता एवढं महाग कशाला घेतलंत?" चोरी त्याची आणि उलटतपासणी माझी! पाच खेटे घातले, पाच दिवसांचं काम बुडालं. अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही, हे मला पाचव्या खेट्यानंतर एका अनोळखी बाईंनी सांगितलं, चौकीत कोणीच नाही. युपीआयची तिन्ही पेमेंटं, दोन्ही नंबरांचे फोटो, कंपनीचा मेल आणि "ताई, एकदम नवा पीस" हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज जोडलाय. मेसेज पुसू नका. कूलर कपाटात जपून ठेवलाय, आणि सध्या 2,850 रुपयांच्या साध्या हवेच्या कूलरवर ती चार प्रकरणं पुन्हा वाचतेय.