रानडुकरांसाठी सौर झटका मशीन

१२ व्होल्टची बॅटरी, ४० वॅटचं पॅनेल, मका-भुईमुगाला पुरेसं. शेताभोवतीच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका, तोही क्षणभराचा, त्यामुळे डुक्कर मरत नाही, दचकून मागे फिरतं. ते तारेखालून मुसंडी मारतं, म्हणून खालची तार जमिनीपासून ६ ते ८ इंचांवरच हवी, दुसरी सव्वा फुटावर. रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) बांधलेली एकच उंच तार इथे निरुपयोगी.

बहुतेक तक्रारींचं मूळ अर्थिंगमध्ये, म्हणजे मशीनच्या जमिनीशी असलेल्या जोडणीत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की झटका मेला. तीन सळ्या खोल ठोका, मीठ-कोळसा घाला, अधूनमधून पाणी ओता. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, धुरा (बांध) साफ ठेवावाच लागतो. मशीन बंद पडलं म्हणून तारेत घरची लाइन सोडू नका, माणूस मरतो. मशीनसोबतचे, तार खांबाला धरणारे प्लास्टिक इन्सुलेटर मात्र सुमार. उन्हात तडकतात, जाड घ्या.