थापाड्या हुसाराची नेपोलियनशी लढाई: ‘हारी यानोश’चे ध्वनिमुद्रण

ऑपेरा म्हटला की आरंभापासून अखेरपर्यंत गाणेच गाणे, अशी आपली समजूत असते. झोल्तान कोदाय या हंगेरियन संगीतकाराचा ‘हारी यानोश’ मात्र दिवाळीनंतर मंडईच्या गावजत्रेच्या निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकासारखा आहे; त्यात पात्रे बोलतात आणि मध्येच गाऊ लागतात. त्यामुळे वाद्यवृंद-संचालक इश्तवान केर्तेस यांनी १९६८ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राला घेऊन डेक्का कंपनीसाठी केलेले त्याचे ध्वनिमुद्रण वडसा-ब्रह्मपुरीकडच्या रसिकाला फारसे परके वाटू नये.

यानोश गाराई यांच्या विनोदी काव्यावर आधारलेला हा खेळ १९२६ मध्ये बुडापेस्ट येथे रंगमंचावर आला. नायक हारी हा हुसार, म्हणजे घोडदळातून निवृत्त झालेला शिपाई. नेपोलियनची राणी मारी लुईझ आपल्यावर भाळली, तिला वाट मिळावी म्हणून आपण सीमेवरची चौकीच ओढून अलीकडे आणली, नेपोलियनला एकट्याने गुडघे टेकायला लावले आणि एवढे करूनही राजवैभव नाकारून आपली प्रेयसी ओर्झे हिच्यासोबत गावी परतलो, असे तो गुत्त्यात बसून सांगतो. गावोगावच्या पारावर असा एक तरी वक्ता असतोच.

खेळाचा आरंभ संपूर्ण वाद्यवृंदाच्या एका प्रचंड शिंकेने होतो. आपल्याकडे कोणी शिंकले की निघालेला माणूस क्षणभर थांबतो. हंगेरीत मात्र बोलणे चालू असताना ऐकणारा शिंकला तर ते बोलणे खरे, असा लोकसमज आहे. म्हणजे थापा सुरू होण्याआधीच संगीतकाराने त्यांना साक्षीदार मिळवून दिला आहे! केर्तेस हे कोदाय यांचेच विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण ही थट्टा ते अगदी गंभीर चेहऱ्याने वाजवून घेतात आणि म्हणूनच ती रंगते. नेपोलियनच्या लढाईत तंतुवाद्ये अजिबात नाहीत. ट्रॉम्बोन फुशारक्या मारतात आणि पराभवानंतर सॅक्सोफोन अक्षरशः गळा काढून रडतो. याउलट हारी आणि ओर्झे यांच्या युगुलगीतात थट्टेचा लवलेशही नाही. ती लोकधून कोदाय यांनी इतक्या मायेने जपली आहे की इतर सर्व थाप असली तरी गावाची ओढ खरी, हे शब्द न कळताही उमगते. संतूरच्या कुळातले सिंबालोम हे वाद्य आपल्या कानाला लगेच ओळखीचे वाटेल.

माझी तक्रार निवेदनाबद्दल आहे. मूळ संवाद गाळून ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव यांनी सगळी पात्रे इंग्रजीत, निरनिराळ्या आवाजांत रंगवली आहेत. त्यांचे कौशल्य वादातीत असले, तरी ते दाद स्वतःकडे ओढून घेतात, आणि कोमलोशी व मेलिश यांच्यासारख्या कसलेल्या हंगेरियन गायकांची गाणी त्या नकलांच्या मधल्या जागा भरण्यासाठी आहेत की काय, असे वाटू लागते. इंग्रजी सहज न समजणाऱ्या श्रोत्याला तर हे निवेदन कंटाळवाणेच होईल. त्याने कथानक आधी वाचून घ्यावे आणि निवेदनाचे भाग खुशाल ओलांडावेत.

मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर मात्र हे ऐकू नये; शिंक तेवढी ऐकू येईल, पण तिच्यामागून खर्जातून हळूहळू वर येणारी तंतुवाद्ये, ज्यांच्यावर या गोष्टीचा सारा पाया उभा आहे, ती त्यात हरवून जातात.