सहाशे एकोणपन्नास रुपयांचं बोलकं पुस्तक आणि आमच्याकडचं ‘केयं’

पुस्तक आणलं तेव्हा चिमी चौदा महिन्यांची होती आणि तिच्याकडे पाच शब्द होते: आई, बाबा, मंमं, काऊ आणि ‘नही’. पाचवा आजीकडून आलेला. मी साताऱ्याची, सासर अमळनेरचं. मी पोरीशी माझ्या मराठीत बोलते, सासूबाई अहिराणीत, म्हणजे खानदेशातल्या बोलीत, नवरा समोर कोण आहे ते बघून.

जळगावला फुले मार्केटातल्या एका दुकानात ६४९ रुपयांना घेतलं. दुकानदार म्हणाला, “ताई, महिनाभरात पोपटासारखी बोलते की नाही बघा.” आता आठ महिने झालेत, म्हणून लिहितेय.

जाड पुठ्ठ्याची पानं आहेत. चिमीने चावली, एकदा वरणात बुडवली, तरी सुटली नाहीत. चित्रावर दाबलं की एक बाई शब्द म्हणते, पुन्हा दाबलं की त्याचा आवाज येतो. तीन पेन्सिल सेल लागतात आणि झाकणाला स्क्रू आहे, ही खरंच चांगली गोष्ट, कारण या वयात हाताला लागलं ते तोंडात जातं. आवाजाच्या दोन पायऱ्या आहेत, मोठा आणि फार मोठा. स्पीकरवर मी चिकटपट्टीचे तीन थर लावलेत.

आता आतल्या मालाबद्दल. फळांत किवी आहे. किवी! बोर नाही, जांभूळ नाही. भाज्यांत वांगं आहे, पण जांभळं. आमच्याकडे थंडीत भरताला येतं ते हिरवट, अंगावर पांढरट रेघांचं, चिमीच्या डोक्याएवढं. त्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पुस्तक काढणाऱ्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. बाई म्हणाल्या, “वांगे.” चिमीने चित्र पाहिलं, टोपलीतल्या वांग्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नही.” आगगाडीचंही तसंच. पुस्तकातली गाडी ‘झुकझुक’ करते. आमचं घर रुळांपासून जवळ. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांचा भोंगा ऐकत झोपणारी पोर ती, गाडी दिसली की ‘पॉऽऽ’ म्हणते. पुस्तकातल्या गाडीला ती अजून गाडी मानत नाही.

पण खरी मजा केळ्याच्या पानावर आहे.

बाई म्हणतात, “केळे.” चिमी म्हणते, “केयं.” पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी साताऱ्याला फोन करून आईला ऐकवलं. आई म्हणाली, बोबडं किती गोड बोलते गं. खरंच, ‘ळ’ ला जीभ मागे वळवावी लागते, लहान मुलांना तो उशिरा जमतो. मी तसंच समजून चालले होते. मग एका दुपारी सासूबाई ताटली घेऊन आल्या. “केयं खाशी का व माय?”

म्हणजे हे बोबडं नसेलही! खानदेशात ‘ळ’चा सर्रास ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, सकाळ म्हणजे सकाय, गूळ म्हणजे गूय. नवराही घरात तसंच बोलतो, ‘ळ’ त्याला फक्त ऑफिसच्या फोनवर आठवतो. रिक्षाला ती ‘इच्चा’ म्हणते, ते नक्की बोबडं, कारण तसं घरात कुणीच म्हणत नाही. केयं मात्र तिच्या जिभेचं की आजीच्या, ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही. मी तोंड मोठं करून “के-ळं” म्हणते. ती माझ्या जिभेकडे अगदी डॉक्टरसारखी वाकून बघते आणि शांतपणे म्हणते, “केयं.”

पुस्तकाचं दुखणं सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. चिमी चित्र दाबायची, बाई बोलायच्या, चिमी काहीतरी उत्तर द्यायची आणि थांबायची. बाई गप्प. पुन्हा दाबलं की तेच, त्याच सुरात. सासूबाई म्हणाल्या, “हाई नुसतं बोलस, आयकस नही.” आणि मलाही जाणवलं की पुस्तक चालू असलं की मी गप्प बसते. बाई बोलतायत ना! पुढे वाचनात आलं की २०१६ च्या ‘जामा पेडियाट्रिक्स’मध्ये यावर अभ्यास छापून आलाय. १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे पालक. बोलणारी-दिवे लागणारी खेळणी हातात असताना पालक साध्या पुस्तकापेक्षा कमी बोलले. वाचून थोडी शरमले.

सेल संपले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या धामधुमीत. नवे आणायचे राहिले आणि मग मुद्दामच राहू दिले. आता चिमी बावीस महिन्यांची आहे. पुस्तक उघडते, केळं दाबते, क्षणभर वाट बघते आणि त्या बाईंच्या वरच्या पट्टीतल्या सुरात स्वतःच म्हणते, “केयंऽ!” मग आजीकडे बघते. आजी म्हणते, “हाव!” मग पुढचं पान. परवा वांग्यावर आली. दाबलं, थांबली, आणि पहिल्यांदाच दोन शब्द जोडून म्हणाली, “वांगं नही.”

पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते किवी आणि आवाजासाठी. घ्यायचंच असेल तर चित्रं छान आहेत, पुठ्ठा दणकट आहे. झाकण उघडायला बारीक पेचकस लागतो, तो सोबत मिळत नाही.