फोटोतलं हरणाचं नाणं आणि माझे १,५६८ युरो

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आणि जुन्या आयरिश आगगाड्यांची मॉडेलं करणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. जाहिरात बघून एक मॉडेल घ्यायला गेलो आणि फसलो. लिहायची लाज वाटते. दोन महिने घरातही पूर्ण आकडा सांगितला नव्हता. ५०० युरो इसार, मग ९५०, मग ११८ 'कस्टमचे'. एकूण १,५६८. रुपयांत दीड लाखाच्या आसपास. एक पैसा परत आलेला नाही.

वस्तू होती ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या व्ही वर्गातल्या ८६ नंबरच्या 'पेरेग्रिन' इंजिनाचं पितळी मॉडेल. १९३२ साली मँचेस्टरच्या बेयर पीकॉकने डब्लिन-बेलफास्ट एक्स्प्रेससाठी ही इंजिनं बांधली. एकूण पाचच, पाचही शिकारी पक्ष्यांच्या नावाची. आज त्यातलं एकटं ८५ नंबरचं 'मर्लिन' शिल्लक आहे. अंगाला आकाशी निळा रंग, खाली लालभडक फ्रेम. ते निळं इंजिन एकदा पाहिलं की माणूस सुटत नाही.

आयर्लंडचा रूळ ५ फूट ३ इंचांचा. फुटाला ४ मिलिमीटर धरले तर मॉडेलचा रूळ २१ मिलिमीटर हवा. दुकानातली मॉडेलं मात्र १६.५ वर धावतात, त्यामुळे आयरिश इंजिन पाय जुळवून उभं केल्यासारखं दिसतं. २१ वर काम करायचं तर बरंचसं हाताने घडवावं लागतं. मी दोन वर्षं मागच्या खोलीत एकेक स्लीपर कापून तसा रूळ टाकतोय. मी कुर्डुवाडीचा. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी आणि मोठी गाडी शेजारी शेजारी बघत वाढलो, त्यामुळे कुठलीही गाडी दिसली की माझी नजर आधी रुळाच्या रुंदीवर जाते. जाहिरातीत 'हाताने बनवलेलं, २१ मिलिमीटर' वाचलं आणि माझा विवेक तिथेच संपला.

विकणारा म्हणे ओमाचा, टायरोन परगण्यातला. मामा वारले, त्यांचा संग्रह विकतोय. ही मेलेल्या मामाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मीही ऐकली होती. पण ओमा हे ग्रेट नॉर्दर्नचंच गाव, तिथली लाइन १९६५ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याकडे असं इंजिन असणं मला पटलं. त्यात माझं फार चुकलं असं आजही वाटत नाही.

चुकलं ते पुढे. मी ताजा फोटो मागितला. 'आज सकाळीच काढला' म्हणून त्याने पाठवला. रुळाशेजारी मापासाठी एक नाणं ठेवलेलं. मी फोटो मोठा केला, स्क्रीनवर पट्टी लावली. नाण्याचा व्यास ३१ मिलिमीटर, रुळांमधलं अंतर त्याच्या दोन तृतीयांश. म्हणजे २१! आनंदाने उठून चहा टाकला. त्या नाण्यावर हरीण होतं. शिंगं मोजता येतील इतकं स्पष्ट. ते आयरिश पौंडाचं नाणं होतं, २००२ मध्ये युरो आल्यावर चलनातून गेलेलं. शिवाय ओमा उत्तर आयर्लंडमध्ये, तिथे ब्रिटिश पौंड चालतो. 'आज सकाळच्या' फोटोत ते नाणं काय करत होतं? मला ते दिसलं होतं. मामांच्या खणात सापडलं असेल, अशी मीच त्याच्या वतीने मनाची समजूत घातली. वीस मिनिटं मी त्या नाण्याने माप घेत बसलो आणि नाण्याकडे बघितलंच नाही. अजून रात्री ते हरीण डोळ्यांसमोर येतं.

फोटो नव्वदच्या दशकातल्या एका प्रदर्शनातला निघाला. क्लबातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी एका नजरेत सांगितलं. पैसे भरायच्या आधी त्यांना का विचारलं नाही? कारण तेच आधी घेऊन टाकतील अशी भीती वाटली. विकणाऱ्यालाही नेमकी हीच घाई हवी असते. आधी विचारा. इंजिन हातातून गेलं तर गेलं.

खातं लिथुआनियातलं होतं, तेही दिसत होतं. आणि कस्टमचं तर अक्षम्य आहे. उत्तर आयर्लंडमधून इकडे माल येताना कस्टम लागत नाही, ब्रेक्झिटनंतरही नाही. मला माहीत होतं. पण १,४५० आधीच गेले होते, ते वाचवायला ११८ भरले. त्या जागी बसलेल्या माणसालाच ते कळेल.

बँकेत गेलो. 'पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.' हो, मीच पाठवले, म्हणून तर आलोय! तीन फोन, प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी जन्मतारखेपासून सुरुवात. कार्डाने भरले असते तर निदान दाद मागता आली असती, हे चौथ्या फोनवर कळलं. अनोळखी माणसाला थेट खात्यात पैसे पाठवूच नका. इथल्या पोलिसांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, माणूस सीमेपलीकडचा, तिकडे कळवा. पलीकडचे म्हणाले, पैसे तिकडून गेले, तिकडेच तक्रार करा. मी परत इथे. तो तरुण अधिकारी स्क्रीनकडे बघत म्हणाला, 'म्हणजे खेळण्यातली गाडी ना?' मी छापलेली अठरा पानं टेबलावर ठेवली, एकही उलटली गेली नाही. सहा आठवड्यांनी पत्र आलं, त्यात फक्त तक्रारीचा नंबर. चोरी दीड लाखाची असो की दीड कोटीची, चोर सीमेपलीकडे दिसला की यांचं काम संपलं! आणि चोर खरंच ओमात होता याला तरी पुरावा काय? तेही कुणी तपासलं नाही.

डब्लिनहून ओमाला बसने तीन तास लागतात. मी एक शनिवार काढला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर इंजिन उलटं करायला सांगा, चाकं हाताने फिरवायला सांगा. तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आलाय का ते शोधा.

आणि फसवणूक कशी ओळखली ते विकणाऱ्याला कधीही सांगू नका. मी रागाच्या भरात त्याला नाण्याबद्दल लांबलचक लिहिलं. दहा दिवसांपूर्वी तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा आलाय, किंमत १,२०० युरो. नाणं कापून टाकलंय. डाव्या कोपऱ्यात खाली त्याची चकचकीत कड तेवढी राहिली आहे. तो फोटो दिसला तर पैसे भरू नका.