म्हापशातलं कानाच्या मशीनचं दुकान, पाचपैकी चार स्टार

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों आला की बाबा पाव घ्यायला मागच्या दारी जायचे आणि पोदेर उभा पुढच्या दारात, वर्षभर हेच चाललेलं आणि आम्ही आपले हसत होतो. मशीन होतं त्यांना, पण एकाच कानाला. आधीच्या दुकानदाराने 'या वयात एक पुरे' म्हणून गळ्यात मारलेलं. आवाज मोठा झाला पण येतो कुठून तेच कळेना.

इथल्या मॅडमनी आधी बाबांना डोळे मिटून बसवलं, चारी बाजूंनी टाळ्या वाजवल्या आणि बोट दाखवायला सांगितलं, बहुतेक सगळ्या चुकल्या. मग नीट समजावलं की आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानात जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा काढतो, बारीक किणकिणता आवाज असेल तर मध्ये डोकं आडवं येऊन पलीकडच्या कानात तो कमी पडतो त्याचाही हिशोब धरतो. म्हणजे दोन्ही कानांनी नीट ऐकलं तरच हा हिशोब जमणार. दोन घेतली, खिसा रिकामा झाला ते सोडा.

मॅडमनी एक गोष्ट लपवली नाही, माईक कानामागे असतो त्यामुळे कानाच्या पाळीच्या वळ्यांवरून पुढचं-मागचं, वरचं-खालचं कळतं ते थोडं जातंच, घोळ झाला तर मान हलवून बघा म्हणाल्या. आणि गोंगाटात कुणाचं ऐकायचं ते मशीन ठरवत नाही, ते लक्षाचं काम. १९५३ मध्ये कॉलिन चेरी नावाच्या शास्त्रज्ञाने दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली, एका कानातलं ऐकून मागोमाग म्हणत राहिलेल्या लोकांना दुसऱ्या कानातली भाषा बदलली तेही कळलं नाही म्हणे! घरी टीव्ही चालू असताना आई हाक मारते तेव्हा बाबांचं हेच होतं, त्याला मशीन काय करणार.

पहिले दोन-तीन आठवडे भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून वैतागले होते. पण परवा बाजारात मागून कुणीतरी 'पात्रांव!' (म्हणजे 'मालक!') ओरडला तर बरोब्बर त्याच्याकडे वळले, मी अजून शोधतच होतो.

एक स्टार कापला तो वाट बघायला लावली म्हणून, अपॉइंटमेंट असून तासभर. आणि शुक्रवारी जाऊच नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.