हीटसिंकखाली भलताच प्रोसेसर निघाला: स्वस्त बोर्डाच्या किटमध्ये झालेली फसवणूक

छोट्या प्रोजेक्टसाठी स्वस्त सिंगल बोर्ड कॉम्प्युटर (एकाच छोट्या बोर्डावरचा पूर्ण कॉम्प्युटर) शोधणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझ्याबाबतीत जे झालं ते एखाद्या पार्सलमधली गडबड नव्हती, व्यवस्थित ठरवून केलेला प्रकार होता, आणि तसल्याच जाहिराती अजून दिसतायत.

मला तापमान-आर्द्रतेचे सेन्सर, एमक्यूटीटी ब्रोकर (सेन्सरचे मेसेज गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम) आणि पाय-होल (घरच्या नेटवर्कवर जाहिराती अडवणारा प्रोग्राम) एवढंच चोवीस तास चालवायचं होतं. त्याला रास्पबेरी पाय ५ म्हणजे जास्तच होतं, त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर वापरायला सांगतात, वर कूलर वेगळा. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू बघितला पण त्याला लॅन पोर्ट नाही आणि रॅम ५१२ एमबीच, आणि मला वायरवरचंच नेटवर्क हवं होतं. म्हणून ऑलविनर एच५ चिपवाला बोर्ड शोधला, चार कोअर, ६४ बिट, १ जीबी रॅम, लॅन पोर्ट, आणि एका विक्रेत्याकडे पूर्ण किटच मिळत होतं, केस, अडॅप्टर, हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा तुकडा) चिकटवलेला, सिस्टिम टाकून तयार असलेलं ६४ जीबीचं कार्ड. लावा आणि वापरा.

लावलं तर खरंच चालू झालं. एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय) लॉगिन केल्यावर वरती छान बॅनर येत होता, प्रोसेसर एच५, ६४ बिट, रॅम १ जीबी. कोणालाही वाटेल सगळं बरोबर आहे. पण पाय-होल आणि डेटाबेस एकत्र चालवले की काही वेळाने एखादा प्रोसेस आपोआप मरायचा, लॉगमध्ये मेमरी संपल्याचा मेसेज, आणि सेन्सरचा डेटा मधूनच करप्ट.

मग रॅम दाखवणारी फ्री कमांड चालवली तर एकूण रॅम ५०० एमबीच्याही खाली, आणि झेडरॅमचा स्वॅप (रॅममध्येच डेटा दाबून बसवून दाखवलेली जास्तीची मेमरी) जोडून आकडा फुगवलेला. आणि तो बॅनर? इटीसी फोल्डरमधल्या एमओटीडी फाइलमध्ये (लॉगिनला दिसणारा मेसेज इथे असतो) हाताने टाइप केलेला साधा मजकूर! हार्डवेअर बघून काही येतच नव्हतं, कुठल्याही बोर्डाला लावलं असतं तरी १ जीबीच दाखवलं असतं.

मी दुसऱ्या चांगल्या कार्डावर आर्मबियनची (अशा बोर्डांसाठीची फुकट लिनक्स सिस्टिम) एच५ ची इमेज, म्हणजे तयार सिस्टिमची फाइल, टाकली, बूटच होईना. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे तुम्हाला फ्लॅश करता (कार्डावर सिस्टिम टाकता) येत नाही, आमचंच कार्ड वापरा. इथे एक गोष्ट समजून घ्या, ऑलविनरचीच जुनी एच३ आणि एच५ या चिप पिन-टू-पिन सारख्या आहेत, एकाच डिझाइनच्या बोर्डावर दोन्ही बसू शकतात, म्हणून नुसतं बोर्डाकडे बघून काही कळत नाही, फरक फक्त चिपवरच्या अक्षरांत आणि ती अक्षरं हीटसिंकखाली, तोही थर्मल टेपने नाही तर कडक गोंदाने चिकटवलेला. एच३ ची इमेज टाकली आणि पहिल्या झटक्यात बूट! प्रोसेसरची माहिती देणाऱ्या एलएससीपीयू कमांडमध्ये स्वच्छ लिहिलेलं, कॉर्टेक्स-ए७. एच५ मध्ये कॉर्टेक्स-ए५३ असतात. म्हणजे ३२ बिटची जुनी चिप ६४ बिट म्हणून विकली होती.

पण विक्रेता स्क्रीनशॉट मानायलाच तयार नाही, म्हणे सॉफ्टवेअर चुकीचं वाचतंय. तेव्हा शेवटी उपयोगी पडली ती बोर्डावरची तीन पिनची डीबग यूएआरटी, म्हणजे बोर्डाचे मेसेज थेट वायरवरून वाचायची जागा. ३.३ व्होल्टवाला यूएसबी-सीरियल जोडला (फक्त ग्राउंड, आरएक्स, टीएक्स, पॉवरची वायर जोडायची नाही), स्पीड ११५२००, आणि बोर्ड ऑन केला. लिनक्स सुरू व्हायच्या आधीच यू-बूट (सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर) दोन ओळी छापतं: सीपीयू ऑलविनर एच३, डीरॅम ५१२ एमआयबी. हा बूटलोडर मी आर्मबियनच्या अधिकृत इमेजमधून टाकलेला, विक्रेत्याच्या कार्डाचा त्यात काही संबंधच नाही. यावर त्याचं उत्तर काय तर रॅमच्या चिपवर ४ जीबी लिहिलंय, तुम्हाला उलट जास्तच दिलंय. रॅमच्या चिपची क्षमता गिगाबिटमध्ये सांगतात हो, ८ गिगाबिट म्हणजे १ गिगाबाइट, ४ गिगाबिट म्हणजे ५१२ एमबीच. हे त्याला माहीत नसणं शक्यच नाही.

कार्डही खोटंच. एफ३ नावाचं फुकट टूल आहे, ते कार्ड एकेक जीबीच्या फाइलींनी भरतं आणि परत वाचून तपासतं. माझ्या कार्डात सातव्या फाइलपर्यंत ठीक आणि आठवीपासून पुढे सगळं करप्ट, म्हणजे ८ जीबीचं कार्ड ६४ चं म्हणून. अशा कार्डाचा कंट्रोलर खोटी साइझ सांगतो, लिहिताना एरर येतच नाही, डेटा मात्र जातो. सेन्सरचा डेटा का बिघडत होता ते इथे कळलं.

आणि ज्याने मला खरा संताप आला ते वेगळंच. त्या तयार सिस्टिममध्ये रूट युजरच्या (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) एसएसएच फोल्डरमध्ये कुणाची तरी पब्लिक की आधीच टाकून ठेवलेली होती! जोडीची प्रायव्हेट की ज्याच्याकडे आहे तो बोर्डापर्यंत पोचला की पासवर्डशिवाय रूट. मुद्दाम ठेवली का राहून गेली ते तोच जाणे, पण माझ्या नेटवर्कमध्ये हे चालू होतं. २०१६ मध्ये ऑलविनरच्या जुन्या ३.४ कर्नलमध्येही असंच उघड झालं होतं, एका डीबग फाइलमध्ये "रूटमायडिव्हाइस" एवढं लिहिलं की कुठलाही साधा प्रोसेस रूट व्हायचा. तेव्हा विक्रेत्याच्या कार्डावरून बोर्ड बूटच करू नका. आधी आर्मबियनच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलची इमेज आहे का बघा, नसेल तर बोर्ड कितीही स्वस्त असो सोडून द्या. आणि हीटसिंक आधीच चिकटवलेला असेल तर चिपचा फोटो मागा, टाळाटाळ केली तर विषय संपला.

पैसे परत मिळाले, पण विक्रेता शेवटपर्यंत वेळ काढत होता. नवीन इमेज पाठवतो, टेक्निशियनशी बोलतो, थोडे पैसे देतो पण आधी तक्रार बंद करा. हा सगळा खेळ रिटर्नची मुदत संपवण्यासाठी असतो, आणि एकदा बंद केलेली तक्रार बहुतेक ठिकाणी परत उघडता येत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि ती यूएआरटीची बूट लॉग, या दोन गोष्टींवर निकाल लागला.

ज्यांच्याकडे असं तयार कार्डवालं किट आत्ता चालू आहे त्यांनी आजच ते नेटवर्कमधून काढा, रूटच्या आणि बाकी युजरच्या एसएसएच फोल्डरमधल्या ऑथोराइज्ड कीज बघा, आणि त्या बोर्डावर वायफायचा, एमक्यूटीटीचा किंवा कुठल्या अकाउंटचा पासवर्ड टाकला असेल तर तो दुसऱ्या मशीनवरून बदला.